‘आफ्टर जेम्स वेल्स’ म्हणजे ‘जेम्स वेल्सनंतर’ नव्हे! पेशवाईतली चित्रं आणि त्यांच्याखालची अवघड इंग्रजी

शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्यात आज शिरलं की दगडी जोती, कारंज्यांची जागा आणि हिरवळ दिसते. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्यातले लाकडी महाल १८२८ च्या आगीत गेले. त्यामुळे ‘वाडा आतून कसा होता?’ असं कुणी विचारलं की समाजमाध्यमांवर हमखास एक चित्र पुढे येतं. खांबांच्या रांगा, खचाखच भरलेला दरबार, त्यात तरुण सवाई माधवराव पेशवे आणि इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट.

हे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. थॉमस डॅनिएलनं ते १८०५ मध्ये केलं. विषय १७९० चा, म्हणजे टिपू सुलतानाविरुद्ध मराठे, निजाम आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहाचा.

अशी चित्रं शेअर होतात तेव्हा त्यांच्यासोबत बहुतेकदा इंग्रजी मजकूर असतो. ‘कॅप्चर्स द मोमेंट’, ‘अ विंडो इन्टू द पेशवा कोर्ट’, ‘द सीन कम्स अलाइव्ह’ या धाटणीचा. भाषांतराचं बटण दाबलं की हाती येतं ते ‘क्षण पकडतो’, ‘पेशवा न्यायालयात एक खिडकी’ आणि ‘दृश्य जिवंत होऊन येते’. पेशव्यांचा दरबार न्यायालय होतो, हा त्यातला विनोदाचा भाग. पण खरी गफलत पहिल्या दोन शब्दांत आहे.

‘कॅप्चर्स द मोमेंट’ वाचलं की मोबाइलच्या काळातल्या माणसाला वाटतं, चित्रकार तिथं हजर होता आणि त्यानं तो क्षण टिपला. आता तारखा बघा. तह १७९० चा. त्या सुमारास डॅनिएल हिंदुस्थानातच होता, पण उत्तरेच्या दौऱ्यावर. ज्याच्या पुण्यातल्या रेखाटनांच्या आधारे त्यानं हे चित्र रंगवलं, तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत पोचला १७९१ मध्ये आणि पुण्यात आला १७९२ मध्ये. म्हणजे तह झाला तेव्हा या दोघांपैकी कुणीही दरबारात नव्हतं. चित्र पूर्ण होईपर्यंत तर वेल्स आणि सवाई माधवराव दोघंही १७९५ मध्येच वारले होते.

मग चित्र खोटं का? तसंही नाही. वेल्सनं पुण्यात पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून चित्रं काढली होती. वाडाही त्यानं पाहिला होता. म्हणजे माणसांना आणि जागेला डोळ्यांनी पाहिल्याचा आधार आहे, प्रसंग मात्र नंतर जुळवलेला आहे. ‘कॅप्चर्स द मोमेंट’ लिहिणाऱ्यालाही एवढंच म्हणायचं असतं की, चित्र बघताना प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. ते चित्राच्या परिणामाबद्दलचं बोलणं आहे, चित्रकाराच्या हजेरीबद्दलचं नाही. मराठीत ‘प्रसंग हुबेहूब उभा केलाय’ म्हटलं की कुणी चित्रकाराची हजेरी गृहीत धरत नाही. शब्दशः ‘क्षण पकडला’ म्हटलं की धरतो.

कलेविषयीच्या इंग्रजी लिखाणात अशी आलंकारिक बोली ठासून भरलेली असते. त्याला कारणही आहे. चित्र हलत नाही, बोलत नाही, त्याला वास नाही, वजन नाही. पण त्याच्याविषयी बोलायचं तर शब्द दुसरीकडून उसने आणावेच लागतात, कधी कानाकडून, कधी जिभेकडून, कधी शेतीतून, कधी युद्धातून. मराठीही तेच करते. फक्त दोन्ही भाषा एकाच घरून उसनवारी करत नाहीत, आणि घोळ तिथंच होतो.

गंगारामाचा गेंडा आणि एक छोटं शब्दयोगी अव्यय

सगळ्यात जास्त फसवणारे शब्द म्हणजे जे आलंकारिक वाटतच नाहीत. ‘आफ्टर’ हा त्यांचा राजा.

चित्राच्या नोंदीत ‘आफ्टर जेम्स वेल्स’ असं असेल तर त्याचा काळाशी संबंध नाही. वेल्सचं मूळ चित्र समोर ठेवून दुसऱ्या कुणीतरी केलेली प्रत किंवा छापील आवृत्ती, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत ‘वेल्सच्या चित्रावरून’. भाषांतर करणारं यंत्र मात्र सरळ ‘जेम्स वेल्सनंतर’ लिहितं. मग वाचणारा समजतो की हे चित्र वेल्सच्या मृत्यूनंतरच्या काळातलं आहे. प्रत्यक्षात प्रत मूळ चित्राच्या दुसऱ्याच महिन्यातलीही असू शकते.

या ‘आफ्टर’ची भावंडंही ओळखून ठेवलेली बरी, कारण मोठी संग्रहालयं आणि लिलावगृहं ती फार तोलून वापरतात. नुसतं नाव असेल तर चित्र त्याचंच, याची खात्री आहे. ‘अट्रिब्यूटेड टू’ असेल तर त्याचं असावं असा जाणकारांचा कयास. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या कारखान्यात, त्याच्या देखरेखीखाली झालेलं. ‘सर्कल ऑफ’चा वर्तुळाशी काही संबंध नाही, त्या काळातल्या, त्याच्या प्रभावाखालच्या कुणाचं तरी. ‘फॉलोअर ऑफ’ म्हणजे त्याच्या शैलीत काम करणारा, पण शिष्यच असेल असं नाही, आणि इन्स्टाग्रामवाला फॉलोअर तर नाहीच. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे बहुधा बऱ्याच नंतरच्या कुणीतरी त्या ढंगात केलेलं. पहिल्यापासून शेवटापर्यंत खात्री एकेक पायरी खाली उतरत जाते, आणि लिलावात किंमतही तिच्याबरोबर उतरते. एवढं सगळं ज्या शब्दांवर तोललेलं आहे, ते शब्द भाषांतरात ‘चे’, ‘ची’, ‘नंतर’ होऊन सपाट होतात. पोस्टमध्ये शेवटी उरतं ते फक्त मोठ्या माणसाचं नाव.

पुण्याच्या बाबतीत यानं एका माणसाचं बरंच नुकसान झालंय. त्याचं नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

मॅलेटनं पेशव्यांच्या परवानगीनं पुण्यात एक चित्रशाळा चालवली, तिथं वेल्स शिकवायचा आणि ही शाळा शनिवारवाड्यात भरायची, असं इतिहासकार सांगतात. तिथला सगळ्यात नावाजलेला चित्रकार म्हणजे गंगाराम. म्हणून इंग्रजी वर्णनांत त्याच्या नावाला ‘पुपिल ऑफ जेम्स वेल्स’ हे शेपूट लागतं आणि मराठीत त्याचा ‘वेल्सचा शिष्य’ होतो. शिष्य म्हटलं की मराठी कानाला गुरूनं घडवलेला माणूस ऐकू येतो.

पण अमेरिकेत न्यू हेवनला, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये गंगारामाचं एक चित्र आहे. पुण्यातल्या पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा. त्याच्यावरचा काळ आहे नोव्हेंबर १७९०. वेल्स पुण्यात पोचायला अजून दोन वर्षं होती, हिंदुस्थानातही तो आलेला नव्हता. म्हणजे पर्वतीच्या पायथ्याच्या शिकारखान्यात उभं राहून गंगारामानं गेंडा काढला तेव्हा तो कुणाचा ‘पुपिल’ नव्हता. निदान वेल्सचा तरी नक्कीच नव्हता. वेल्सकडून तो पुढे शिकला. पण शिकणं आणि घडणं यांत फरक आहे, आणि ‘पुपिल’ हा शब्द दोन्हींना पुरतो.

‘हँड’चंही असंच. ‘बाय द सेम हँड’ म्हणजे त्याच माणसानं काढलेलं, ‘इन अ लेटर हँड’ म्हणजे नंतर कुणीतरी लिहिलेलं. हा हात मात्र मराठीला अगदी ओळखीचा आहे. ‘आईच्या हातची पुरणपोळी’ म्हणतो तसंच ‘गंगारामाच्या हातचं चित्र’. यंत्राचं ‘त्याच हाताने’ वाचून डावा की उजवा असा प्रश्न पडतो, पण ‘हातचं’ म्हटलं की अर्थ जागच्या जागी बसतो.

आणि ‘स्कूल’. ‘कंपनी स्कूल’ ही कुठलीही शाळा नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रज गिऱ्हाइकांसाठी हिंदुस्थानी चित्रकारांनी जी शैली वापरली, तिला हे नाव पडलं. संगीतात ज्याला घराणं म्हणतात त्याच्या जवळपासचा हा अर्थ. पंचाईत अशी की पुण्यात खरीखुरी शाळासुद्धा होती. त्यामुळे गंगारामावरच्या एकाच परिच्छेदात ‘स्कूल’ दोनदा आला तर एका ठिकाणी तो शनिवारवाड्यातली शाळा असतो आणि दुसऱ्या ठिकाणी शैली. हे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

‘ऑफ’सुद्धा निरागस नाही. वेरूळच्या लेण्यांवर १८०३ मध्ये लंडनमध्ये २४ चित्रांचं एक मोठं पुस्तक निघालं. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, थॉमस डॅनिएलच्या देखरेखीखाली कोरलेलं, असं त्याचं शीर्षकच सांगतं. गंगारामानंही वेरूळची लेणी रेखाटली होती आणि ती रेखाटनं आजही आहेत. त्या लांबलचक शीर्षकात मात्र दोनच नावं आहेत.

‘बॉडी कलर’ म्हणजे अंगाचा रंग नाही

नोंदीतली आणखी एक ओळ बहुतेकजण वाचत नाहीत, ती म्हणजे साधनांची. ती वाचायला गेलं तर मजाच असते. ‘वॉश’ म्हणजे धुलाई नाही, पाण्यासारखा पातळ रंगाचा हात. ‘बॉडी कलर’ म्हणजे अंगाचा रंग नाही, तर जलरंगात पांढरा मिसळून दाट केलेला, खालचं काही दिसू न देणारा रंग. त्याला ‘बॉडी’ आहे म्हणजे दाटपणा आहे. ‘डेड कलर’ हा तैलचित्राचा अगदी पहिला, निस्तेज थर. त्यावर मग खरे रंग चढतात. ‘सपोर्ट’ म्हणजे कागद, कापड, फळी, ज्यावर चित्र काढलंय ते.

‘ग्राउंड’ला मात्र मराठीत आयता शब्द आहे. कापडाच्या बाबतीत ‘हिरव्या जमिनीवर लाल बुट्टे’ म्हणतात ना, तीच ही जमीन. ‘ऑन अ रेड ग्राउंड’ म्हणजे लाल जमिनीवर. इथं यंत्रानं ‘जमीन’ लिहिलं तर ते चुकून बरोबर असतं, फक्त वाचणाऱ्याला ती लाल माती वाटते.

‘स्टिल लाइफ’चा अर्थ तर महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना पाठ आहे, फक्त आठवण करून द्यावी लागते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांनी तांब्या, फडकं, दोन फळं समोर ठेवून जे काढलं ते वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र. हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. फ्रेंच लोक त्याच प्रकाराला ‘मेलेला निसर्ग’ म्हणतात. त्यामुळे ‘अजूनही जीवन’ असं काही भाषांतर समोर आलं तर घाबरायचं कारण नाही, समोर बहुधा पेरू आणि तांब्याच असतो.

रंग कानाला ऐकू येतात का?

इंग्रजीत रंग ‘लाउड’ असतो, म्हणजे तो कानाला लागतो. मराठीत तो ‘भडक’ असतो, म्हणजे तो आगीसारखा पेटतो. तक्रार एकच, पण इंग्रजीनं ती कानाकडून आणली आणि मराठीनं ज्वाळेकडून. त्याच न्यायानं इंग्रजीतले ‘म्यूटेड’ रंग मुके नसतात, तर दबके किंवा सौम्य असतात. ‘रिच’ लाल हा श्रीमंत नसून गर्द असतो. ‘वॉर्म’ आणि ‘कूल’ यांच्यासाठी ‘उष्ण’ आणि ‘शीत’ हे शब्द चित्रकलेच्या मराठी पुस्तकांत कधीचे रुळलेत, तिथं नवं काही शोधायला नको.

काही ठिकाणी तर मराठी वरचढ आहे. इंग्रजीला ‘विव्हिड यलो’ किंवा ‘डीप ब्लॅक’ म्हणायला दोन शब्द लागतात, आणि विशेषण प्रत्येक वेळी शोधावं लागतं. मराठीत पिवळाधमक, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, लालबुंद. प्रत्येक रंगाचं शेपूट वेगळं आणि ठरलेलं. म्हणूनच ‘ज्वलंत पिवळा’ असं भाषांतर वाचलं की काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही.

निसर्गचित्राच्या वर्णनात ‘ब्रूडिंग स्काय’ फार येतं. शब्दशः गेलं तर विचारात गढलेलं आकाश. मराठीत अशा वेळी ‘आभाळ भरून आलंय’ म्हणतात, आणि त्यात पावसाबरोबर मनाचा जडपणाही येतो, कारण मराठीत मनही भरून येतं. निसर्गावर माणसाच्या भावना लादण्याच्या या सवयीला इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किननं १८५६ मध्ये ‘पॅथेटिक फॅलसी’ असं नाव दिलं. या नावानंही अनेकजण फसतात. आजच्या इंग्रजीत ‘पॅथेटिक’ म्हणजे केविलवाणा, पण रस्किनच्या लेखी त्याचा अर्थ भावनेशी संबंधित एवढाच होता. केविलवाणी चूक नव्हे, भावनेच्या भरात केलेली चूक.

नानांना अटक कुणी केली?

वर्णनात क्रियापद आलं की जास्त सावध राहावं लागतं, कारण चित्राला क्रियापदं इतिहासाकडून मिळतात आणि इतिहासात ती खरी घडलेली असतात.

समजा, नाना फडणवीसांच्या एखाद्या चित्राखाली ‘अ‍ॅन अरेस्टिंग पोर्ट्रेट ऑफ नाना’ असं लिहिलंय. ‘अरेस्टिंग’ म्हणजे नजर खिळवून ठेवणारं. यंत्र ‘नानांचे अटक करणारे चित्र’ असं देऊ शकतं, आणि घाईत कुणी ते ‘अटकेतल्या नानांचं चित्र’ असंही करेल. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे हसून सोडून देता आलं असतं. पण नानांना १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी खरोखरच कैद केलं होतं. तेव्हा ‘अटकेतले नाना’ ही ओळ ऐतिहासिकदृष्ट्या अगदी पटण्यासारखी दिसते, कुणी हटकतही नाही, आणि १७९२ च्या सुमाराला वेल्ससमोर शांतपणे बसलेल्या माणसाच्या चित्राचा काळ पाच वर्षं पुढे सरकतो.

वेल्ससमोर नाना बसले, म्हणून ते त्या चित्राचे ‘सिटर’. हा शब्द उभ्या माणसालाही लागतो, घोड्यावरच्या माणसालाही लागतो. ज्याला समोर ठेवून चित्र काढलं तो सिटर. आणि त्या प्रकाराला ‘फ्रॉम लाइफ’ म्हणतात. ‘जीवनातून’ असं भाषांतर करून काहीच कळत नाही. ‘समोर बसवून’ किंवा ‘प्रत्यक्ष पाहून’ हा त्याचा अर्थ. नोंदीत हे दोन शब्द दिसले तर ते अलंकार समजून ओलांडून जाऊ नयेत. तो पुरावा असतो. दरबाराच्या चित्रातल्या चेहऱ्यांना तो आधार आहे, प्रसंगाला नाही, हे याच शब्दांमुळे सांगता येतं.

‘स्पीकिंग लाइकनेस’ मात्र खुशाल ओलांडावं. त्याला मराठीत जोड आहेच, ‘आता बोलेल की काय असं वाटतं’. आणि ‘लार्जर दॅन लाइफ’च्या बाबतीत विषय बघून ठरवावं लागतं. सिनेमाच्या नायकाबद्दल असेल तर भव्यदिव्य, नाट्यमय. पुतळ्याबद्दल असेल तर ते निव्वळ माप असू शकतं, माणसाच्या प्रत्यक्ष आकाराहून मोठा. शनिवारवाड्यासमोरच्या घोड्यावरच्या बाजीरावाबद्दल कुणी असं लिहिलं तर ते कौतुक आहे की मोजमाप, हे पुढच्या वाक्यावरून ठरतं.

‘द आय’ने सुरू होणारी वाक्यं इंग्रजी चित्रवर्णनात खंडीभर सापडतात. ‘द आय इज लेड’, ‘द आय ट्रॅव्हल्स’, ‘द आय रेस्ट्स’. हा डोळा चित्रातल्या कुणाचा नाही, बघणाऱ्याचा आहे. डॅनिएलच्या दरबारात खांबांच्या रांगा नजरेला आत खोलवर नेतात, असं म्हणायचं असेल तर इंग्रजी लेखक सगळं श्रेय ‘आय’ला देतो. मराठीत डोळे पाणावतात, दिपतात आणि त्यांचं पारणं फिटतं, पण फिरते ती नजर आणि खिळतेही नजरच. ‘डोळा प्रवास करतो’ हे म्हणूनच हास्यास्पद वाटतं. इथं शब्द बदलला की काम होतं. यातला उपयोगाचा भाग असा की अशी वाक्यं खरं तर चित्राचा नकाशा असतात. नजर आधी कुठं जाते, मग कुठं वळते, कुठं थांबते, हे वाचून पुन्हा चित्राकडे पाहिलं तर चित्रकारानं कुणाला मोठं केलं आणि कुणाला कोपऱ्यात बसवलं, ते दिसायला लागतं. चित्राचं नाव मॅलेटनं सुरू होतं, पेशव्यांनी नाही, हेही तेव्हाच ध्यानात येतं.

गोड शब्दांतलं मत

शेवटचा प्रकार सगळ्यात चोरटा. वर्णन म्हणून आलेलं विशेषण प्रत्यक्षात निकालपत्र असतं.

हिंदुस्थानी चित्रकाराच्या कामाला जुन्या इंग्रजी लिखाणात ‘फेथफुल’ म्हटलेलं सापडतं. भाषांतरात ‘विश्वासू’ होतं, म्हणजे चित्र नव्हे तर नोकरच. इथं अर्थ ‘मुळाबरहुकूम’. पण नोकराची ती छटा पूर्णपणे चुकीची आहे असं म्हणता येत नाही. ‘फेथफुल’ म्हणणारा एक गोष्ट देतो आणि एक काढून घेतो. हात अचूक आहे हे मान्य, पण कल्पना त्याची नाही, हे न बोलता सुचवलेलं. ‘स्टिफ’ आणि ‘नाइव्ह’ तर उघडच पारडं खाली करतात. ‘स्टिफ’ म्हणजे माणसं ताठ, हालचाल नाही. ‘नाइव्ह’ म्हणजे भोळंभाबडं, शिक्षण नसलेलं. दोन्हींत मोजपट्टी युरोपातली आहे, हे सांगितलेलं नसतं.

‘पिक्चरेस्क’चा अर्थ नुसता ‘सुंदर’ घेतला तर अर्धी गोष्ट निसटते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ही एक ठरावीक आवड होती. विल्यम गिल्पिन या पाद्र्यानं तिचे नियमच घालून दिले होते. गुळगुळीत, नीटनेटकं नको. खडबडीत, पडकं, वेडंवाकडं हवं. पडकी भिंत, वाकलेलं झाड, एखादं जनावर. वेल्स आणि डॅनिएल ही मंडळी ही आवड डोळ्यांत घेऊन इथं आली. म्हणून त्या काळच्या इंग्रजी वर्णनात एखादी जागा ‘पिक्चरेस्क’ दिसली तर ती बघायला छान होती एवढंच नव्हे, तर त्या चौकटीत बसवून काढली गेली, असाही अर्थ असू शकतो. गंगारामानं १७९५ मध्ये पर्वतीचंही चित्र काढलंय. पर्वती त्याच्या रोजच्या गावातली होती, पडकी नव्हती, आणि तिच्यावर पेशव्यांची देवळं नांदती होती.

मग पोस्ट लिहायची कशी?

अनुवादाचं यंत्र वाईट आहे म्हणून हे घोळ होतात असं नाही. यंत्र आता वाक्यं पुष्कळ चांगली जुळवतं. पण त्याला चित्र दिसलेलं नसतं, आणि समोरचा शब्द नोंदवहीतला आहे, कौतुकाचा आहे की मत आहे, हे चित्र आणि तारीख बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. माणूस ते करू शकतो, त्याला फार इंग्रजी यायचीही गरज नाही. विचित्र भाषांतर दिसलं की मूळ शब्द बघावा, आणि तो चित्रकाराबद्दल बोलतोय, कागदाबद्दल बोलतोय की बघणाऱ्याबद्दल, एवढं स्वतःला विचारावं. बहुतेक गाठी तेवढ्यानं सुटतात.

दरबाराच्या चित्रापुरतं बोलायचं तर मराठी ओळ अशी होईल: ‘पेशवे दरबारात १७९० चा तह पुरा करताना चार्ल्स मॅलेट. चित्रकार थॉमस डॅनिएल, १८०५. जेम्स वेल्सनं पुण्यात केलेल्या रेखाटनांच्या आधारानं. टेट, लंडन.’ यात एकही अलंकार नाही. ‘शनिवारवाड्याचा दुर्मीळ फोटो’ या मथळ्याइतके लाइक्स तिला मिळणार नाहीत, हे खरं.

अलंकार नेहमी वाट चुकवतोच असंही नाही. कला-इतिहासकार हॉली शॅफर यांचं मराठा मुलुखातल्या या देवाणघेवाणीवरचं पुस्तक २०२२ मध्ये आलं. त्याचं नाव ‘ग्राफ्टेड आर्ट्स’. ‘ग्राफ्ट’ म्हणजे कलम करणं, हापूसचं करतात तसं. एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर. हा शब्द मराठीत आणला की त्याला इंग्रजीत नसलेला एक अर्थ आपोआप मिळतो, कारण कलम म्हणजे लेखणी आणि ‘दख्खनी कलम’ म्हटलं तर चित्रशैलीही. उलट इंग्रजीत ‘ग्राफ्ट’ला भ्रष्टाचाराचा, हात मारण्याचा जो वास आहे, तो मराठी ‘कलम’ला नाही. त्या पुस्तकाच्या उपशीर्षकात कला ‘करण्या’बरोबरच ती ‘घेण्या’चाही उल्लेख आहे. गंगारामाचा गेंडा न्यू हेवनला आहे, दरबाराचं चित्र टेटकडे, आणि सवाई माधवराव व नाना यांचं वेल्सनं १७९२ मध्ये केलेलं तैलचित्र लंडनच्याच रॉयल एशियाटिक सोसायटीकडे. वाड्यात जोती आहेत.